घोटीहून दोन दिवसांत पोर्तुगाल: वसईचा किल्ला, काकूंचं इंद्याल आणि नाशकातली घंटा

(या भागात जे बोललो ते इथे लिहून ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा कसारा घाटात ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी.)

मागे जो आवाज येतोय ना, तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे. घोटीत जून-जुलैत रेकॉर्डिंग करायचं म्हणजे दोन पर्याय असतात. एक तर पाऊस थांबायची वाट बघा, म्हणजे सप्टेंबरात भेटू. नाहीतर पावसासकट ऐका. आपण दुसरा घेतलाय.

आजचा विषय आहे वीकेंडला पोर्तुगाल. हसू नका. खरंच जाऊन आलोय. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, दीड हजाराच्या आत सगळं. कसं ते सांगतो.

सुरुवात एका रीलपासून झाली. माझी सिन्नरची एक मैत्रीण जर्मनीत शिकते. तिकडे म्हणे शुक्रवारी संध्याकाळी स्वस्तातलं विमान पकडायचं, दोन दिवस दुसऱ्या देशात फिरायचं आणि सोमवारी सकाळी परत लेक्चरला. ती गेली लिस्बनला. मग काय, दर दोन तासांनी स्टेटस. पिवळी ट्राम चढावरून करकरत चाललीय. नदीकाठचा बेलेंचा बुरूज. तिथली ती अंड्याची छोटी गोल पेस्ट्री, पास्तेल द नाता, वरून थोडी करपलेली, आणि त्यावर दालचिनी भुरभुरतायत. मी इकडे गिरणीत बसलोय, अंगावर भाताचा भुसा, आणि ती विचारतेय, "तू कधी येतोस?"

मी लिहिलं, "पोतं उतरवून झालं की."

तेवढ्यात तिचा एक व्हॉइस मेसेज आला. म्हणाली, "अरे ऐक ना, हॉस्टेलवाल्याने माझ्या हातात किल्ली दिली आणि काय म्हणाला माहितीये? 'शाव'! म्हणजे चावी! आणि बेकरीत पावाला पावासारखंच काहीतरी म्हणतात, नाकातून." तिला वाटलं होतं आपण फार लांब आलोय, आणि तिथे तिला आपली चावी सापडली.

तर हे खरं आहे. चावी, पाव, बटाटा, बादली, पगार, हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले. आपण बांधकामावर वापरतो ते घमेलं? तेही त्यांचंच. लासलगावला कांद्याचा होतो तो लिलाव? तोही. म्हणजे आमचा अख्खा नाशिक जिल्हा रोज सकाळी उठून थोडं थोडं पोर्तुगीज बोलतो, पगार होईपर्यंत.

मग मला आठवली घंटा.

नाशिककरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पंचवटीत रामकुंडाजवळ, गोदावरीच्या काठावर, नारोशंकराचं मंदिर आहे. शंकराचं, रामेश्वराचं देऊळ. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलेलं. त्याच्या दारावर, उंचावर, एक भलीमोठी घंटा आहे. आमची आजी घरात कुणी आरडाओरडा केला की म्हणायची, "काय रे, नारोशंकराची घंटा झालास का?" मी लहानपणी ती शंभरदा पाहिली असेल. आणि मला वाटायचं देवळाची घंटा आहे, देवळासाठीच केली असणार.

ती देवळासाठी केलेली नाही. तिच्यावर साल कोरलंय १७२१. म्हणजे देऊळ बांधण्याच्या सव्वीस वर्षं आधीचं. ती चर्चची घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, तिच्यावर तर मेरी आणि बाळ येशूचं चित्रही आहे. आणि एक आपल्या नाशकात.

मैत्रिणीला मी लिहिलं, "पोर्तुगाल आमच्याकडे टांगलेलं आहे." आणि त्याच रात्री हॉस्टेलच्या जुन्या रूममेटला फोन लावला. तो वसईचा. निर्मळजवळच्या एका आळीतला, ख्रिस्ती घरातला. तीन वर्षं एका खोलीत राहिलो, आणि मी त्याच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. म्हणाला, "कार्तिकात ये, जत्रा असते."

आता प्रवास. नीट ऐका, हे कामाचं आहे. घोटीहून सकाळी जीपने कसारा. कसाऱ्याहून लोकल, खिडकी मिळते कारण गाडी तिथूनच सुटते. दादरला उतरायचं, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेला यायचं, विरार गाडी पकडायची आणि वसई रोडला उतरायचं. एक सूचना: विरार गाडीत वसईला उतरणं हे एक वेगळं शिक्षण आहे. दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरका आणि कोणत्या बाजूला उतरायचं ते विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं.

घाट उतरताना एक गंमत डोक्यात आली. या वाटेने जाणारा मी पहिला नाही. पांडवलेणी बघितलीत ना? तिथे उषवदाताचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, त्यात शूर्पारकाचं नाव येतं. शूर्पारक म्हणजे सोपारा, आजचं नालासोपारा, वसईच्या शेजारचं. नाशिक आणि तो किनारा यांची ओळख पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची आहे. आपल्यालाच विसर पडलाय.

रूममेट स्टेशनवर घ्यायला आला होता. माझ्या पाठीवर सॅक आणि हातात पाच किलो इंद्रायणीची पिशवी. आई म्हणाली होती, घोटीचा माणूस रिकाम्या हाताने जात नाही. त्याने पिशवी बाइकवर पुढे ठेवली आणि आम्ही थेट किल्ल्यात.

मंडळी, 'किल्ला' म्हटलं की आपल्याला काय दिसतं? चढ. घोटीच्या माणसाला तर अलंग-मदन-कुलंग दिसतात, कळसूबाईच्या शिड्या दिसतात. वसईच्या किल्ल्यात चढच नाही. रस्ता तटातून आत जातो आणि दुसऱ्या बाजूने कोळीवाड्याकडे, बंदरावर निघतो. एसटी येते, रिक्षा येतात, टोपल्या घेतलेल्या बायका येतात. कारण हा डोंगरी किल्ला नव्हे. हे तट घातलेलं शहर होतं. चर्च, मठ, रस्ते, घरं, दवाखाना, तुरुंग, सगळं आत. आणि तुरुंग हा शब्दही त्यांचाच, बरं का.

थोडा इतिहास, कंटाळू नका. १५३४ सालच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशाहाने पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई त्यांना दिली. मुंबईची बेटंही त्याच तहात गेली. म्हणजे मुंबई हे तेव्हा वसईबरोबर मिळालेलं गिऱ्हाइकी होतं. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं तेव्हा मुंबई आंदणात देऊन टाकली, वसई मात्र ठेवली. यावरून त्यांना कोण जास्त महत्त्वाचं वाटत होतं ते कळतं. गोव्याच्या उत्तरेकडच्या त्यांच्या सगळ्या मुलखाचं मुख्य ठाणं वसईच होतं. तब्बल दोनशे पाच वर्षं.

आत शिरलो तर पहिल्यांदा दिसतं ते झाडीतून वर आलेलं टॉवर. सेंट जोसेफ चर्च. दारावर दगडात साल आहे १६०१, त्या वर्षी ते दुरुस्त करून वाढवलं. आत एक अरुंद गोल जिना आहे. अंधार, वटवाघळांचा वास, मोबाइलचा टॉर्च दातात धरायचा. वर गेलं की एकदम वारा. खाली वसईची खाडी, पलीकडे भाईंदर, होड्या, वाळत घातलेली मासळी. आणि चर्चला छप्पर नाही. वरून बघितलं तर उघडी पेटी दिसावी तसं.

मी फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोटो आला. अगदी तसाच! दगडी भिंती, कमानी, वर मोकळं आकाश. मला वाटलं माझाच फोटो परत पाठवला. तो होता लिस्बनमधल्या कार्मोच्या मठाचा. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला, त्यात त्या चर्चचं छप्पर कोसळलं. त्यांनी ते नंतर घातलंच नाही, आठवण म्हणून तसंच ठेवलं. आता तिथे तिकीट काढून जातात.

आमच्या इथे तिकीट नव्हतं. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये गेलो, तिथे जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत. त्यावर अक्षरं. मी मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करून पाहिलं, थोडं जमलं. कुणाचं तरी नाव, कुणाची तरी बायको, कुणाचे तरी वारस. आणि त्याच दगडांवर उभं राहून एक जोडपं प्री-वेडिंग शूट करत होतं, धुराची नळकांडी वगैरे. फोटोग्राफर ओरडत होता, "दादा, हसा!" मेलेल्यांच्या डोक्यावर. मला आधी राग आला. मग आठवलं की मीही मगाशी तिथेच पाय ठेवून सेल्फी घेतला होता. आणि हो, कोल्डप्लेचं 'हिम फॉर द वीकेंड' तुम्ही पाहिलं असेल, त्याचं काही शूटिंग याच किल्ल्यात झालंय. तेव्हा आपलं शीर्षक वीकेंडचं आहे ते उगाच नाही.

मग आम्ही चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी गेलो. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली, आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडला. शेवटी तटाखाली सुरुंग लावून खिंडारं पाडली, त्यातून मराठे आत घुसले. फार माणसं गेली, दोन्हीकडची. तह झाला, आणि पोर्तुगिजांना सामान घेऊन जाऊ दिलं. लहानपणी हा धडा वाचताना अंगावर काटा यायचा. त्या दिवशीही आला. मी रूममेटला म्हणालो, "काय माणसं असतील यार!" तो म्हणाला, "हो." आणि मग जरा थांबून, "चल, आई वाट बघतेय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की तो थोडा गप्प झाला होता.

त्याच्या घरी पोचलो. पुढे अंगण, मागे वाडी. केळी, नारळ, मोगरा, पानवेल. मला वाटलं होतं वसई म्हणजे नुसत्या इमारती. स्टेशनजवळ तसंच आहे. पण पश्चिमेकडे गेलं की वाड्या आहेत अजून. त्या टिकाव्यात म्हणून तिथल्या लोकांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मोठं आंदोलन केलं होतं.

आजी ओट्यावर बसलेली. अंगावर लाल चौकटीचं लुगडं. मी पाया पडलो. तिने तांदळाची पिशवी उघडली, मूठभर हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "नवा आहे." मी म्हणालो, "हो आजी, आमच्याच गिरणीतला." त्यावर तिने मला आपलं मानलं, असं मला वाटलं.

आता जेवण. ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत ऐकलंत. पानात होतं इंद्याल आणि फुगे.

इंद्याल म्हणजे काय? तुम्ही हॉटेलात विंदालू वाचलं असेल. पुष्कळांना वाटतं त्यात आलू असतो. नसतो! मूळ पोर्तुगीज नाव 'विन्या द आल्युस' असं काहीतरी. विन्या म्हणजे वाइन, आल्यु म्हणजे लसूण. तिकडे मांस वाइन आणि लसणात मुरवायचे, टिकावं म्हणून. इकडे आल्यावर वाइनच्या जागी आला सिरका, आणि पडली लाल मिरची. मिरचीसुद्धा पोर्तुगिजांनीच समुद्रापलीकडून, अमेरिकेतून इकडे आणली. विंदालू काय नि इंद्याल काय, मूळ एकच. काकूंच्या घरी ते डुकराच्या मांसाचं होतं. माझ्यासाठी मुद्दाम कोंबडीचं केलं होतं. आंबट आधी लागतं, तिखट नंतर येतं, आणि कानामागून घाम निघतो.

फुगे म्हणजे मैदा, अंडं, नारळाचं दूध यांचं पीठ फुगवायचं. पूर्वी ताडी घालून फुगवायचे, आता यीस्ट. मग पीठ हाताच्या मुठीतून बोटाने सोडत तेलात टाकायचं. गोल, पोकळ, हलके. इंद्यालात बुडवायचे. मी मोजत नव्हतो, पण आजी मोजत होती. "अकरा," ती म्हणाली.

आणि मग मी ते बोललो.

पोट भरलेलं, मन भरलेलं. मला काकूंचं कौतुक करायचं होतं. मी म्हणालो, "काकू, एक सांगू? तुमचं मराठी फार छान आहे हो."

सगळे गप्प झाले. रूममेटने ताटात बघितलं. काकू माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "तुझंही बरंय की."

मंडळी, मी आत्ता हे बोलतोय तरी कान गरम झालेत. तीन वर्षं मी त्या मुलाबरोबर राहिलो. मराठीतच भांडलो, मराठीतच परीक्षेचा अभ्यास केला, त्याच्या वहीतून मराठीच्या नोट्स उतरवल्या. आणि त्याच्या आईला मी सांगतोय की तुमचं मराठी छान आहे. म्हणजे माझ्या डोक्यात कुठेतरी पक्कं होतं की ही माणसं किल्ल्याबरोबर आली. घंटेबरोबर आली. पाहुणी आहेत, पण बोलतात छान.

मी सॉरी म्हणालो. काकू म्हणाल्या, "अरे, होतं. मुंबईत तर मला विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी सांगते, वसईची. तर म्हणतात, नाही, मूळच्या. आता वसईच्या आधी अजून कुठे जाऊ मी?"

आजी आतापर्यंत तिच्या बोलीत बोलत होती, कादोडीत. ती बोली मला अर्धीच कळत होती, पण कान दिला तर आपलीच वाटत होती. ती माझ्यासाठी सावकाश, पुस्तकी मराठीत म्हणाली, "ते आले, ते गेले. शेत नांगरणारे आम्हीच होतो. आम्ही कुठे जाणार?"

रात्री झोप लागेना. रूममेट म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नको. पण खरं सांगू का, शाळेत वसईचा धडा असायचा ना, तेव्हा वर्गातली काही मुलं वळून माझ्याकडे बघायची. मी कुणाच्या बाजूने उभं राहायचं तेच मला कळायचं नाही." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय. पोर्तुगिजांनी इथली देवळं पाडली, लोकांना बाटवलं, काहींना धाकाने. हे आम्हालाही माहितीये. आमच्याच पूर्वजांबरोबर झालं ना ते. ते काय माझे आजोबा नव्हते, राजे होते. आणि चिमाजी अप्पांनी राजे घालवले. माझं त्यांच्याशी भांडण नाही. माझं भांडण वळून बघणाऱ्यांशी आहे."

मी दिवसभर किल्ल्यात 'काय माणसं असतील यार' म्हणत होतो. म्हणजे मीही मधूनमधून वळून बघत होतो.

रविवारी सकाळी ते चर्चला गेले, मी बाहेर थांबलो. प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत. बाहेर उभं राहून सगळं कळत होतं. मग किल्ल्यातल्या त्या दुसऱ्या चर्चबद्दल रूममेटने सांगितलं, जे आता गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखतात. हा वसईत जन्मलेला मुलगा, बाप पोर्तुगीज, आई इथली. तो गेला जपानला, आणि १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये संत घोषित झाला. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत आपल्या वसईचा. आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव तरी माहीत होतं, कारण २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसईचेच. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये ते गेले. मी बातमी वाचली होती, स्टेटसही ठेवलं होतं. तरीही मी काकूंना ते वाक्य बोललो. म्हणजे माहिती असून उपयोग नसतो, कधीकधी ती पोटात जावी लागते. माझ्या पोटात अकरा फुग्यांबरोबर गेली.

दुपारी निर्मळची जत्रा. तिथे शंकराचार्यांचं समाधी मंदिर आहे, कार्तिक वद्य एकादशीपासून जत्रा भरते. आणि जत्रेला सगळे येतात. काकूही. त्यांनी तवा घेतला, आजीसाठी टोपली घेतली, आणि मला सुकेळी घेऊन दिली. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली, वर सोपटात बांधलेली. रंग मधासारखा, चव खजुरापेक्षा हलकी. लिस्बनची ती पेस्ट्री मी खाल्लेली नाही, पण सुकेळीच्या बदल्यात मी ती घेणार नाही. मैत्रिणीलाही सांगितलंय.

निघताना काकू म्हणाल्या, "नाशिकला ती घंटा आहे ना, आमची?"

'आमची' म्हणाल्या. मी पटकन म्हणून गेलो असतो की काकू, ती आता आमची. पण आदल्या रात्रीची आठवण ताजी होती. मी म्हटलं, "हो. तुम्ही पाहिलीय?" म्हणाल्या, "कधी? शाळेत असल्यापासून ऐकतेय. एकदा बघायची आहे."

फेब्रुवारीत त्या आल्या. नातेवाइकांकडे नाशिकला आल्या होत्या, मी घोटीहून गेलो. रामकुंडावर नेहमीची गर्दी. आम्ही नारोशंकरासमोर उभे राहिलो. मी वर बोट दाखवलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मला धाकधूक, की आता काय म्हणतील. रडतील का? चिडतील का? त्यांनी फोन काढला आणि आजीला व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा उलटा करून दाखवला. गर्दीतून आजीचा आवाज, "दिसत नाही, हालवू नको." मग दिसली असावी. आजी म्हणाली, "वाजव की."

काकू म्हणाल्या, "हात नाही पोचत, उंच आहे."

आजी थोडं थांबली. मग म्हणाली, "नीट सांभाळलीय ना? मग झालं."

मी तिथेच उभा होतो. ज्या घंटेखालून मी लहानपणापासून जातोय, तिची चौकशी कुणीतरी घरच्या माणसासारखी करत होतं. लग्न होऊन लांब गेलेल्या मुलीची करतात तशी. विजय खराच होता, तो मी सोडत नाही. पण त्या घंटेला दोन गावं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

मग काकू म्हणाल्या, "आता जेवायला कुठे नेतोस?" नाशिकला आलेल्या माणसाला कुठे नेणार? मिसळ खायला. काकूंनी रस्सा ओतला, पावाचा तुकडा मोडला, दाबून बघितला आणि म्हणाल्या, "पाव आमच्याकडचा चांगला असतो." मी म्हटलं, "काकू, मिसळ आमच्याकडची." म्हणाल्या, "ते मान्य."

तर मंडळी, जायचं असेल तर थोडक्यात सांगतो. शनिवारी पहाटे निघा, दुपारपर्यंत किल्ला गाठा. संपूर्ण बघायला चार तास धरा. पावसाळ्यानंतर जा, आत्ता नको, जिने निसरडे असतात आणि गवत कमरेएवढं. पाणी बरोबर ठेवा. थडग्यांवर उभं राहू नका, मी राहिलो होतो म्हणून सांगतोय. कार्तिकात गेलात तर निर्मळची जत्रा आणि सुकेळी चुकवू नका. आणि कुणाच्या घरी जेवलात तर जेवणाचं कौतुक करा. भाषेचं नको.

पुढच्या भागात भेटू. पाऊस थांबला असेल तर घोटीहून, नसेल तरी घोटीहूनच. काळजी घ्या!